आठवडाभर सुट्टी, हातात कुदळ: डोंगरातल्या पायवाटा स्वयंसेवक कशा बांधतात?

ऑफिसमधून आठवडाभराची सुट्टी टाकायची. स्वतःच्या खर्चाने डोंगरात जायचं. तंबूत झोपायचं, सकाळी उठून हेल्मेट घालायचं, कुदळ उचलायची आणि दुपारपर्यंत माती खणायची. पगार नाही, बक्षीस नाही, बऱ्याचदा मोबाईलला रेंजही नाही. आणि आठवड्याच्या शेवटी मागे वळून बघितलं तर तयार झालेली असते एक साधी पायवाट, तीही मोजून काही मीटर.

ऐकताना हा तोट्याचा सौदा वाटतो. पण अमेरिकेत दर उन्हाळ्यात हजारो लोक हेच करतात. त्यात कॉलेजची पोरं असतात, नोकरदार असतात आणि निवृत्त झालेले आजी-आजोबाही असतात. कोलोरॅडो राज्यातली सुमारे ७८० किलोमीटरची 'कोलोरॅडो ट्रेल' तर बऱ्याच अंशी अशाच एकेका आठवड्यासाठी आलेल्या लोकांच्या हातून पूर्ण झाली.

हे नेमकं चालतं कसं? आठवडाभरात नवखा माणूस असं काय काम करतो? आणि त्याने खरंच फरक पडतो का? समजून घेऊया.

पायवाट तर चालून चालून तयार होते, मग ती बांधायची कशाला?

माणसं आणि गुरं चालून वाट तयार होते हे खरंच आहे. पण अशी आपोआप पडलेली वाट बहुतेक वेळा सगळ्यात जवळची असते, म्हणजे सरळ उतारावरून खाली जाणारी. पावसाचं पाणीही नेमकं तिथूनच धावतं. पायांनी मोकळी झालेली माती पाणी घेऊन जातं. वाटेचा चर होतो, चराची घळ होते, दगड उघडे पडतात. मग लोक तो खराब भाग टाळून बाजूच्या गवतावरून चालायला लागतात. काही वर्षांत एका वाटेच्या तीन वाटा होतात आणि अख्खा उतार सोलून निघतो.

म्हणून पायवाट बांधणाऱ्यांचा खरा सामना डोंगराशी नसतो, पाण्याशी असतो. पाणी वाटेवर थांबू नये आणि वाटेवरून धावूही नये, यासाठीच सगळा खटाटोप असतो.

कोलोरॅडो ट्रेलची गोष्ट

ही वाट डेन्व्हर शहराजवळ सुरू होते आणि रॉकी पर्वतरांगांमधून जात राज्याच्या दुसऱ्या टोकाला ड्युरँगो गावापाशी संपते. वाटेत ६ राष्ट्रीय वनक्षेत्रं लागतात. वाटेची सरासरी उंचीच ३,००० मीटरच्या वर आहे आणि सर्वात उंच जागा ४,००० मीटरच्याही वर. तुलनेसाठी, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे.

या वाटेची कल्पना १९७३ च्या सुमारास पुढे आली. सुरुवातीला उत्साह होता, पण पुढे पैसा आटला आणि काम रेंगाळलं. काही तुकडे तयार होते, काही नव्हते, आणि ते एकमेकांना जोडलेले नव्हते. १९८४ मध्ये पत्रकार एड क्विलन यांनी डेन्व्हर पोस्टच्या पुरवणीत या रखडलेल्या प्रकल्पावर लेख लिहिला. मथळा होता, 'कुठेच न जाणारी वाट'.

पण एक बाई हे काम सोडायला तयार नव्हत्या. त्यांचं नाव गुडी गॅस्किल. कोलोरॅडो माउंटन क्लब या गिर्यारोहकांच्या जुन्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. सरकारकडे पैसे नाहीत, मग काम कोण करणार? गुडी यांचं उत्तर सोपं होतं : लोक करतील. त्यांनी उन्हाळ्यात एकेका आठवड्यासाठी स्वयंसेवकांच्या तुकड्या उभ्या करायला सुरुवात केली. लोक गोळा करणं, तुकडीचे प्रमुख तयार करणं, किराणा भरणं, वन खात्याशी बोलणं, आणि वेळ मिळाला की स्वतः कुदळ चालवणं, हे सगळं त्या करत.

'कुठेच न जाणारी वाट' या लेखाचा एक फायदा झाला. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर रिचर्ड लॅम यांचं लक्ष इकडे गेलं. लॅम पती-पत्नी स्वतः एका तुकडीसोबत कामाला गेले आणि निधी उभा करायलाही त्यांनी हातभार लावला. १९८७ मध्ये डेन्व्हर ते ड्युरँगो अशी सलग वाट जोडली गेली. त्याच वर्षी तिची काळजी घ्यायला कोलोरॅडो ट्रेल फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. आजही ही संस्था दर उन्हाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या पाठवते.

गुडी गॅस्किल २०१६ मध्ये गेल्या. या वाटेवर साउथ प्लॅट नदी ओलांडणाऱ्या पुलाला त्यांचं नाव आहे.

अर्थात स्वयंसेवकांनी वाट बांधण्याची पद्धत त्याहून जुनी आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडची, १४ राज्यांतून जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची ॲपलेशियन ट्रेल १९२१ मध्ये बेंटन मकाय यांनी लेखातून सुचवली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. त्यातही हायकिंग क्लबच्या हौशी सभासदांचा मोठा वाटा होता. तिची देखभाल आजही मुख्यतः असे स्थानिक क्लबच करतात.

आठवडा कसा जातो?

संस्था वेगळी असली तरी आठवड्याचा साचा साधारण सारखाच असतो.

पहिला दिवस पोहोचण्याचा. काही कॅम्प रस्त्याच्या कडेला असतात, काहींसाठी पाठीवर सामान घेऊन काही तास चालावं लागतं. फार आत जायचं असेल तर हत्यारं आणि शिधा घोड्यांवर किंवा खेचरांवर लादून नेतात. तंबू, स्लीपिंग बॅग आणि कपडे स्वयंसेवकाचे स्वतःचे. हत्यारं, हेल्मेट आणि जेवणाचं सामान साधारणपणे संस्थेचं.

काम सुरू होण्याआधी प्रशिक्षण होतं. हत्यार कसं धरायचं, कसं चालवायचं, दोन माणसांत अंतर किती ठेवायचं, जखम झाली तर काय करायचं. इथे जुन्या ट्रेकरलाही सूट नसते. वीस गड चढलेला माणूस कुदळ नीट चालवेलच असं नाही.

पुढचे दिवस एका लयीत जातात. सकाळी लवकर नाश्ता, स्वतःचा डबा स्वतः भरणं, कामाच्या जागेपर्यंत चालणं, दुपारपर्यंत काम, परत येऊन आराम. स्वयंपाक आणि भांडी पाळीपाळीने. आठवड्याच्या मधे बहुतेक ठिकाणी एक दिवस सुट्टी असते. त्या दिवशी झोपा काढा किंवा जवळचं शिखर चढा, तुमची मर्जी.

शेवटच्या दिवशी हत्यारं साफ होतात, कॅम्प उचलला जातो आणि तिथे कोणी राहिलं होतं हे कळणार नाही अशी जागा सोडली जाते.

कॉलेजात एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प केलेल्यांना हे वाचून ओळखीचं वाटेल. श्रमदान, पाळीचा स्वयंपाक, रात्रीच्या गप्पा, सगळं तसंच. फरक इतकाच की इथे सातही दिवस एकाच गोष्टीवर काम चालतं आणि ते काम अगदी बारीक मापात करावं लागतं.

काम नेमकं काय असतं?

इथे गंमत सुरू होते. दोन फुटांची साधी दिसणारी पायवाट, पण तिच्यामागे बरंच गणित असतं.

पहिलं काम, उतार कापून सपाट पट्टी काढणं. डोंगराच्या कुशीतून आडवी जाणारी वाट करायची असेल तर उतारात पायरीसारखा खाच कापतात. आधी वरचा पालापाचोळा आणि कुजलेल्या पानांचा थर बाजूला करतात, कारण तो पाणी धरून ठेवतो आणि त्याचा चिखल होतो. खालची घट्ट माती लागली की त्यावर वाट तयार करतात. नवखे लोक खणलेली माती उताराच्या बाजूला टाकून वाट रुंद करायला बघतात. पण ती भर टाकलेली कडा पहिल्या पावसाळ्यात ढासळते. म्हणून शक्यतो पूर्ण वाट न हललेल्या मूळ जमिनीवरच घेतात.

दुसरं, वाटेला बाहेरच्या बाजूला हलका उतार देणं. साधारण ५ टक्के. म्हणजे ६० सेंटीमीटर रुंद वाट असेल तर दरीकडची कड डोंगराकडच्या कडेपेक्षा ३ सेंटीमीटर खाली. चालताना तो जाणवतही नाही, पण वरून आलेलं पाणी वाट ओलांडून खाली निघून जातं.

तिसरं, चढ किती ठेवायचा. यासाठी एक सोपा ठोकताळा आहे, त्याला 'निम्म्याचा नियम' म्हणता येईल. वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. डोंगराचा उतार ३० टक्के असेल तर वाटेचा चढ १५ टक्क्यांच्या आत. त्याहून जास्त झाला तर पाणी वाट ओलांडत नाही, वाटच धरतं. शिवाय पूर्ण वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो, म्हणजे १० मीटर चालल्यावर १ मीटर वर.

चौथं, मधेमधे वाट उलटी वळवणं. चढत जाणारी वाट थोड्या थोड्या अंतरावर दोन-चार पावलं मुद्दाम खाली उतरवतात आणि पुन्हा चढवतात. त्या खोलगट जागी साचू पाहणारं पाणी बाहेर पडतं. तुम्हाला चालताना वाटतं जमिनीचा नैसर्गिक चढउतार आहे. प्रत्यक्षात कोणीतरी तो मापून काढलेला असतो.

बाकीची कामं त्या त्या जागेप्रमाणे. जिथे चढ टाळता येत नाही तिथे दगडी पायऱ्या. ओढ्यावर लाकडी साकव. पडलेली झाडं कापणं. वाटेत येणाऱ्या फांद्या छाटणं. आणि शॉर्टकट बंद करणं. शॉर्टकटवर नुसता बोर्ड लावून लोक ऐकत नाहीत, हे तिथेही आपल्यासारखंच आहे. त्यामुळे तिथे वाळक्या फांद्या आणि दगड असे टाकतात की तिकडे वाट होती हेच दिसू नये.

दगडी पायरीचं काम सगळ्यात सावकाश चालतं. दगड शोधायचा, पहारीने सरकवत आणायचा, त्याच्या मापाचा खड्डा करायचा, बसवायचा. मग वर उभं राहून हलवून बघायचं. हलला तर काढून पुन्हा बसवायचा. खडकाळ उतारावर दिवसभर राबूनही एका माणसाच्या वाट्याला काही मीटरच काम येतं. चार माणसांचा अख्खा दिवस दोन-तीन पायऱ्यांत जाऊ शकतो.

हत्यारं जुनी, आणि त्यालाही कारण आहे

पहार, कुदळ, फावडं, करवत ही मंडळी आपल्या ओळखीची. दोन हत्यारं मात्र खास तिथली आहेत.

एक पुलास्की. एकाच दांड्याला एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं. मुळं तोडा आणि माती खणा, दोन्ही एकाच हत्याराने. हे नाव एड पुलास्की या वनरक्षकाचं. १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात भयानक वणवा पेटला, तेव्हा त्यांनी आपल्या माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेलं आणि बहुतेकांचे जीव वाचवले. त्यांनी रूढ केलेलं हे हत्यार आज वणवा विझवणारे आणि वाटा बांधणारे, दोघंही वापरतात.

दुसरं मॅक्लाउड. एका बाजूला जाड दात्यांचं दंताळं, दुसऱ्या बाजूला रुंद पातं. माती ओढायला, सारखी करायला आणि शेवटी चोपून बसवायला.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेसारख्या देशात मशिनं नाहीत का? आहेत. पण कोलोरॅडो ट्रेलचा काही भाग 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या जंगलातून जातो. १९६४ च्या विल्डरनेस ॲक्टनुसार अशा भागात इंजिनावर चालणारी हत्यारं आणि वाहनं सहसा वापरता येत नाहीत. तिथे चेनसॉ बंद, सायकलही बंद. त्यामुळे वाटेवर आडवं पडलेलं झाड दोन माणसांनी दोन टोकांना धरायच्या लांब करवतीने कापावं लागतं. हाताने काम करणारी माणसं तिथे नुसती हौस म्हणून नाहीत, त्यांची खरोखर गरज असते.

शरीराला झेपेल का?

बहुतेक प्रकल्पांना आधीचा अनुभव लागत नाही. पण दिवसभर वाकून काम करता येईल आणि रोज काही किलोमीटर चालता येईल इतकी तब्येत लागते.

धोके नीट समजून घेतलेले बरे. सगळ्यात मोठा धोका शेजारच्या माणसाच्या हत्याराचा. म्हणून काम करताना एकमेकांत साधारण ३ मीटर अंतर ठेवतात आणि जवळून जायचं असेल तर आवाज देऊन, समोरचा थांबल्यावरच जातात. हत्यार खांद्यावर टाकून चालायचं नाही, दरीच्या बाजूच्या हातात खाली धरायचं. घसरलात तर ते लांब फेकता येतं.

दुसरा धोका उंचीचा. ३,००० मीटरवर पहिल्या दिवशी डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं असं होऊ शकतं. एक-दोन दिवस आधी जाऊन शरीराला सवय लावणं चांगलं. आणि त्रास वाढत गेला तर खाली उतरणं हाच उपाय, तिथे हट्ट उपयोगाचा नाही.

तिसरा धोका विजेचा. रॉकी पर्वतात जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वादळी ढग जमतात. म्हणूनच काम सकाळी लवकर सुरू होतं आणि ढग दिसले की उघड्या कड्यावरून सगळे खाली येतात.

एका आठवड्याने खरंच फरक पडतो का?

हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण हौशी स्वयंसेवेचा एक अनुभव आपल्याला चांगलाच माहीत आहे : फोटो निघतात, स्टोरी लागते आणि पुढच्या वर्षी ती जागा पुन्हा होती तशी.

कोलोरॅडोचं उत्तर असं, की एकटा आठवडा काहीच करत नाही. त्याच्या आधी आणि नंतर काय आहे यावर सगळं ठरतं.

आधी काय असतं? वाट कुठून जाणार हे जाणकारांनी चालून, मापून, खुणा लावून ठरवलेलं असतं. वन खात्याची परवानगी असते. हत्यारं धार लावून तयार असतात. तुकडीचा प्रमुख शिकलेला असतो. म्हणून सोमवारी आलेला नवखा माणूस मंगळवारी उपयोगाचं काम करू शकतो.

नंतर काय असतं? कोलोरॅडो ट्रेलवर वाटेचे भाग 'दत्तक' दिलेले आहेत. एखादी व्यक्ती, कुटुंब किंवा गट आपल्या वाट्याच्या काही किलोमीटरकडे दरवर्षी बघतो. पडलेली झाडं हटवायची, पाणी काढणाऱ्या जागांत साचलेला गाळ उपसायचा, मोठं नुकसान दिसलं तर कळवायचं. पाणी बाहेर काढणारी खोलगट जागा गाळाने भरली की ती निकामी होते, आणि आठवडाभर राबून केलेली वाट दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा चर होते. म्हणजे फावड्याने गाळ काढणाऱ्या त्या माणसाचं अर्ध्या तासाचं काम हे बांधणाऱ्यांच्या अख्ख्या आठवड्याचं रक्षण करतं.

त्यामुळे एखादा प्रकल्प चांगला आहे का हे ओळखायचं असेल तर किती लोक आले हे विचारू नका. पुढच्या वर्षी या वाटेकडे कोण बघणार, हे विचारा.

सह्याद्रीत हे करता येईल का?

गरज तर उघड दिसते. सह्याद्रीत पाऊस चार महिने कोसळतो आणि नेमकी तेव्हाच ट्रेकर्सची गर्दी सर्वात जास्त असते. ओल्या वाटेवर हजारो बूट आणि वरून धावणारं पाणी, यापुढे कोणतीही माती टिकत नाही.

दगड आणि पाण्याचं हे ज्ञान आपल्याला परकं नाही. सातवाहनकाळापासून वापरात असलेल्या नाणेघाटातली दगडी वाट चढून बघा. आणि श्रमदानाची सवयही आहे. गडांवर टाक्यांतला गाळ काढणारे, दरवाजे आणि पायऱ्या मोकळ्या करणारे दुर्गसंवर्धन गट महाराष्ट्रभर सुट्टीच्या दिवशी राबत असतात.

पण इथे मनाने कुदळ मारता येत नाही. गड केंद्रीय संरक्षित स्मारक असेल, जसा रायगड, तर १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार भारतीय पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय तिथे खोदकाम करता येत नाही. राज्य संरक्षित गडांसाठी राज्याचा पुरातत्त्व विभाग. हरिश्चंद्रगडासारखी ठिकाणं वन्यजीव अभयारण्यात येतात, तिथे वन विभागाची परवानगी लागते. हे नियम अडथळा म्हणून बघितले जातात, पण चांगल्या हेतूने हललेला एक जुना दगड पुन्हा त्याच जागी बसवता येत नाही.

ज्या वाटा वापरून आजही वाड्यावस्त्यांवरचे लोक बाजाराला आणि शाळेला जातात, त्यांच्याबाबत पहिला शब्द त्या लोकांचाच. पाणी कुठून येतं आणि कोणती दरड दरवर्षी सुटते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

जायचं ठरवत असाल तर आधी हे विचारा

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला असलेल्यांना कोलोरॅडो ट्रेल फाउंडेशन किंवा अमेरिकन हायकिंग सोसायटीचे आठवडाभराचे प्रकल्प हा एक पर्याय आहे. आपल्याकडे एखाद्या गटासोबत जाणार असाल तरी प्रश्न तेच.

- जागेची परवानगी कोणाची आहे आणि ती लेखी आहे का?
- वाटेची आखणी कोणी केली?
- हत्यारं, हेल्मेट आणि प्रशिक्षण कोण देणार?
- प्रथमोपचार जाणणारा कोणी सोबत आहे का? जवळचा दवाखाना किती लांब?
- फी असेल तर तिच्यात काय काय येतं? विमा आहे का?
- परदेशात असाल तर तुमच्या व्हिसावर असं विनामोबदला काम चालतं का?
- आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपण परत गेल्यावर या वाटेची देखभाल कोण करणार?

आठवडा काढणं जमत नसेल तर पुढच्या ट्रेकला तीन गोष्टी करा. वळणावर शॉर्टकट मारू नका. वाटेत चिखल असेल तर बाजूच्या गवतावरून न जाता चिखलातूनच जा, बूट नंतर धुता येतात. आणि वाटेतला रचलेला दगड कुठे पाय ठेवून, कुठे बसून उगाच हलवू नका. तो बसवायला कोणाचा तरी अर्धा दिवस गेलेला असू शकतो.